पाऊणपट वेगाचं गाणं

कोळसा नुकता पेटतो तेव्हा त्याला लोखंडासारखा वास असतो. मसाला, चरबी, लिंबू हे सगळं नंतर येतं. आधी काही मिनिटं नुसतं लोखंड. बदलापूरहून कर्जतकडे जाणाऱ्या रस्त्यावर, चामटोली मागे पडल्यावर, डाव्या हाताला एक मोकळी जागा आहे. शनिवारी संध्याकाळी साडेसहाला आम्ही दोघी तिथे रिक्षातून उतरलो तेव्हा हा वास आला आणि ताई म्हणाली, "अंकलची शेगडी."

मलाही तेच वाटलं होतं.

जागा म्हणजे बार आहे, पण पाटीवर 'फॅमिली गार्डन' असं लिहिलेलं आहे. वर दिव्यांच्या माळा, खाली खडी. कुंपणाला टेकवून ठेवलेली बैलगाडीची चाकं आसपासच्या गावांतून विकत आणलेली. टेबलांवर जीन्सच्या कापडाचे तुकडे अंथरलेले. मालक उल्हासनगरच्या कॅम्प नंबर तीनचे, सिंधी, सत्तरीला आलेले. डोक्यावर रुंद काठाची हॅट होती आणि पायांत साधी चप्पल. त्यांच्या घरात दोन पिढ्या जीन्स शिवल्या जात होत्या. हा बार का काढला असं मी विचारलं, तेव्हा त्यांनी हॅट काढून टेबलावर ठेवली.

"चाळीस साल त्या लोकांची पँट शिवली, साईं. मग मनात आलं, ही पँट घालून ते लोक करतात तरी काय? मुलाने मोबाइलवर दाखवलं. शेकोटी करतात, मांस भाजतात, गातात. म्हटलं, इतकंच? हे तर आपण पण करू शकतो."

दर शनिवारी तिथे अमेरिकेतल्या खेड्यांची जुनी गाणी होतात. कंट्री म्युझिक. गिटार, कीबोर्ड आणि गाणारी एक मुलगी. मध्ये अर्धा तास पाहुण्यांसाठी असतो. ज्याला गायचं असेल त्याने चिठ्ठीवर नाव लिहून स्टीलच्या जगमध्ये टाकायचं.

ताईला तिथे एक गाणं म्हणायचं होतं. एकच. त्यासाठी तिने मला पुण्याहून बोलावून घेतलं होतं.

तिच्या मुलाच्या, अमोलच्या, ऑफिसची पार्टी या बारमध्ये झाली होती. त्याने घरी येऊन व्हिडिओ दाखवला. ताईने तो तीनदा पाहिला आणि मला फोन केला. अमोलला हे कळलं तेव्हा तो म्हणाला, "आई, तू बारमध्ये गाणार?" ताई म्हणाली, "तुझ्या हळदीत डीजेपुढे नाचले, तेव्हा काय विहारात होते?" त्यानंतर त्याने विषय काढला नाही. फक्त आम्ही निघताना म्हणाला, "मावशी, तिच्यावर लक्ष ठेव."

ताई साठ वर्षांची आहे. ते गाणं ती सतरा वर्षांची असताना शिकली.

अंबरनाथला कारखान्याच्या क्वार्टर्सच्या दोन रांगा समोरासमोर होत्या. मध्ये बारा पावलांचं अंगण. मी मोजलेलं आहे. आमच्या समोर सिल्वेस्टर अंकल राहायचे, मंगळूरकडचे. कारखान्यात लेथवर होते. बाबा त्याच शॉपमध्ये फिटर. शनिवारी संध्याकाळचा भोंगा झाला की अंकल अंघोळ करून पांढरा बनियन घालायचे आणि अर्ध्या ड्रमची शेगडी अंगणात ओढायचे. ड्रम फरशीवर घासला जाण्याचा तो आवाज दोन्ही रांगांत ऐकू जायचा. मग एकेक दार उघडायचं.

जाळी सायकलच्या स्पोकची होती. प्रत्येक घरातून काहीतरी यायचं. आमच्या घरातून सुका बोंबील, कोपऱ्यावरच्या साळुंखेंकडून वांगी, आंटीकडून व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवलेली कोंबडी. बोंबील निखाऱ्यावर पडला की आधी कुरकुरायचा, मग वळायचा आणि मग त्याचा वास पालेगावच्या शेतांपर्यंत जायचा. तिकडे तेव्हा शेतं होती. कुत्री त्या बाजूने यायची, ठरल्यासारखी, आणि अंगणाच्या कडेला बसायची. अंकल पुठ्ठ्याने वारा घालायचे. पुठ्ठ्यावर कुठल्यातरी साबणाचं चित्र होतं, ते दर शनिवारी कडेने थोडं जळत जायचं.

आणि मग खिडकीत रेकॉर्ड प्लेअर लागायचा.

तो प्लेअर एका साहेबांनी बदली होऊन जाताना अंकलना दिला होता. सोबत एक खोका. त्यात अकरा छोट्या तबकड्या, सगळ्या इंग्रजी, सगळ्या कंट्री. प्लेअर बंद होता. मोटर चांगली होती, पण मोटरच्या दांड्यावर बसणारी छोटी पुली कुठेतरी पडून हरवली होती. अंकलनी फोरमनला विचारून भंगारातला पितळेचा एक तुकडा घेतला आणि जेवणाच्या सुट्टीत लेथवर नवी पुली काढली. डब्यातून घरी आणली. चटणीच्या वाटीत ठेवली होती, त्यामुळे तिला महिनाभर लसणाचा वास होता. बसवली, तबकडी फिरली, गाणं लागलं. दोन्ही रांगांतल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या, असं बाबा सांगायचे.

अकराही गाणी जड आवाजात होती. खोल, रेंगाळणारा, पुरुषी आवाज. तिकडचे लोक असंच गातात, असं कॉलनीने ठरवून टाकलं. "थंड हवा असते ना तिथे," बाबा म्हणायचे. "तोंड उघडायला वेळ लागतो."

अकरांपैकी एका गाण्यासाठी सगळे गप्प बसायचे. इंग्रजी कोणालाच पुरतं येत नव्हतं. अंकलना कामापुरतं यायचं. पण त्या गाण्याची चाल अशी होती की त्यात कोणीतरी गेलेलं आहे, हे न सांगता कळत होतं. गाणारा एकेक शब्द ठेवत जायचा, जसं कोणी दाराबाहेर एकेक वस्तू काढून ठेवावी. प्रत्येक ओळीच्या शेवटी आवाज खाली उतरायचा आणि तिथेच थोडा थांबायचा.

ताई ते गाणं वहीत लिहून शिकली. देवनागरीत, कानाला जसं येईल तसं. अंकल गिटार घेऊन पायरीवर बसायचे, गिटारच्या तारा तबकडीच्या सुराला लावून घ्यायचे आणि सांगायचे, "शालू, रेकॉर्डच्या मागे चाल. पुढे नको." आवाज खाली जाईना तेव्हा ते स्वतःच्या छातीवर बोट ठेवायचे. "गळ्यातून नाही. इथून." ताईने सहा महिने छातीतून आवाज काढला. पत्रा घासावा तसा तो आधी खरखरला, मग बसला आणि मग तसाच राहिला.

आई भांडी घासताना ओरडायची, "अगं, बाईसारखं गा की."

"गाणंच तसं आहे," ताई म्हणायची.

विहारात आंबेडकर जयंतीच्या गाण्यांची तालीम व्हायची. बाबा तिथे ढोलकीवर असायचे. पेटीवाले गुरुजी ताईचा आवाज ऐकून म्हणाले, "हिला पुरुषांच्या कोरसमध्ये उभी करा." ती दोन वर्षं तिथेच उभी राहिली, माझ्या वडिलांच्या मित्रांच्या रांगेत, निळ्या काठाची पांढरी साडी नेसून. तिचा आवाज पुरुषी आहे हे तेव्हापासून ठरलेलं. तिला पाहायला आलेल्या एका बाईंनी तर आईला बाजूला घेऊन विचारलं होतं, मुलीला घशाचा काही आजार आहे का.

दुसऱ्या वर्षी कारखान्याच्या वेल्फेअर हॉलमध्ये कार्यक्रम होता. कागदावर नावं लिहून नोटीस बोर्डाला लावली होती. सहाव्या नंबरला अंकलचं आणि ताईचं नाव. तिच्यासाठी आंटीने जुन्या पडद्याचा फ्रॉक शिवायला घेतला होता. फ्रॉकच्या कापडाचा वास मला आठवतो, नेफ्थलीनचा आणि उन्हाचा. तो कार्यक्रम झाला, पण सहाव्या नंबरला दुसरंच कोणीतरी होतं. का, ते मला माहीत नाही. त्या वयात कारणं आतल्या खोलीत असायची आणि आम्ही बाहेर. उन्हाळ्यात ताईचं लग्न झालं, ती बदलापूरला गेली आणि अर्धवट फ्रॉक आंटीकडेच राहिला.

गाणं मात्र थांबलं नाही, ते दुसरीकडे गेलं. कॉलनीत कोणी वारलं की सगळं आटोपल्यावर, नातेवाईक गेल्यावर, संध्याकाळी अंकल गिटार घेऊन त्या घरासमोर बसायचे. ताईला बदलापूरला निरोप जायचा. ती यायची, ते एक गाणं म्हणायची आणि जायची. ही पद्धत कोणी सुरू केली नव्हती. साळुंखे गेले तेव्हा झालं. वॉचमन गेला तेव्हा झालं. आईच्या पुण्यानुमोदनाला भन्ते जेवून गेल्यावर, आंब्याच्या रिकाम्या पेट्यांवर आम्ही बसलो होतो तेव्हा झालं. बाबांनी त्या दिवशी ढोलकी पुढे ओढली, हात ठेवला आणि वाजवली नाही. शेवटी अंकल गेले. तेव्हा गिटार नव्हती. ताईने कबरस्तानाच्या फाटकाबाहेर एकटीनेच म्हटलं.

त्या गाण्याला ती मोजून एवढी ठिकाणं मिळाली. स्टेज एकही नाही.

आता बारमध्ये तिने चिठ्ठी घेतली, चष्मा लावला आणि लिहिलं, 'शालिनी, अंबरनाथ.' बदलापूरला एकेचाळीस वर्षं काढल्यावरही तिने अंबरनाथ लिहिलं. मी ते वाचलं, तिने पाहिलं आणि चिठ्ठीची घडी घातली.

"तू बिअर घे," ती म्हणाली. "मी कोणाला सांगत नाही."

"ताई, माझी पन्नाशी उलटली."

"म्हणून तर म्हणते. घे."

ती स्वतः लिंबू सोडा पीत होती आणि शेगडीकडे पाहत होती. शेगडी लांबलचक होती, विटांवर बसवलेली. तिथला माणूस चामटोलीचा, चाळिशीचा, कपाळाला रुमाल बांधलेला. ताई उठून त्याच्याकडे गेली. मीही मागे गेले.

"भाऊ, बोंबील आहे का? सुका?"

"मेनूत नाय, मावशे. चिकन हाय, पनीर हाय, मका हाय."

"बरं."

तो थोडा वेळ सळ्या फिरवत राहिला. मग इकडेतिकडे पाहून म्हणाला, "माज्या डब्यात हाय पन. मालकाला वास गेला तं बोलंल."

"मालक सिंधी आहेत. त्यांना मासळीचा वास नवा नाही."

तो हसला. त्याने खाली वाकून डब्यातले दोन बोंबील काढले आणि शेगडीच्या अगदी कडेला, जिथे निखारा कमी होता, तिथे ठेवले. ते वळायला लागले तेव्हा ताईने डोळे मिटले. जवळच्या टेबलावरच्या एका तरुणीने नाक दाबलं आणि तिच्या मित्राने विचारलं, "ये क्या है, हमको भी मिलेगा?"

आम्ही ते उभ्याउभ्याच खाल्ले. बोटं चाटत टेबलाकडे परतत होतो, तेवढ्यात गाणाऱ्या मुलीने पुढचं गाणं सुरू केलं.

गिटारवर चार जलद ठोके. कीबोर्डवर टाळ्यांचा आवाज. मुलगी उडी मारल्यासारखी गाण्यात शिरली आणि खडीवर दहाबारा जोडपी नाचायला उतरली. चपला खडीत रुतत होत्या, लोक हसत होते. मला गाणं छान वाटलं, इतकंच. ताई मात्र दोन टेबलांच्या मध्ये थांबली होती.

तिचे ओठ हलत होते. मुलीच्या शब्दांच्या मागे पडत होते, तरी शब्द तेच होते.

मग मलाही ऐकू आलं. ओळीच्या शेवटी खाली उतरणारी जागा होती. मुलगी तिथे थांबत नव्हती, ठेच लागल्यासारखी टाळून पुढे पळत होती. पण जागा तीच होती.

"हे आपलं आहे," ताई म्हणाली. तिचा आवाज अगदी साधा होता, बसस्टॉप चुकल्यावर असतो तसा.

गाणं संपल्यावर वादकांनी पाणी प्यायला घेतलं. मी गिटारवाल्याकडे गेले. पंचविशीचा, उल्हासनगरचा, नम्र मुलगा. हे गाणं इतकं जलद का घेतलं, असं विचारलं.

"यही ओरिजिनल टेम्पो है, आंटी," तो म्हणाला. "आम्ही उलट थोडं स्लो घेतो. लोकांना नाचताना दम लागतो."

ताई माझ्या मागे येऊन उभी होती. "त्यात काय सांगितलंय?"

"गाण्यात? एक मुलगी आहे. शेजारच्या गावात नाच आहे. तिच्याकडे बूट नाहीत, म्हणून ती मैत्रिणीचे घालून जाते. ते एक नंबर लहान असतात. पूरा गाना वही है. बूट चावतो, पण ती नाचते."

"कोणी मेलेलं नाही?"

"नाही आंटी. फक्त बूट चावतो."

ताई टेबलावर येऊन बसली. सोड्यातलं बर्फ वितळलं होतं. मी हिशेब लावत होते आणि तो माझ्या मनाविरुद्ध पटकन लागला. छोट्या तबकड्या मिनिटाला पंचेचाळीस फेरे फिरण्यासाठी असतात. अंकलची पितळी पुली थोडी बारीक निघाली. ते मिलिमीटरचा शंभरावा भाग मोजणारे कारागीर होते, पण मोजायला मूळ पुलीच समोर नव्हती. प्लेअर सावकाश फिरला. सावकाश फिरला की गाणं संथ होतं आणि आवाजही खाली जातो, दोन्ही एकदमच. बारीक पितळेच्या एका तुकड्यामुळे अकराही गाणी जड झाली आणि त्यातल्या एकावर कॉलनी रडली.

मी हे सगळं ताईला सांगितलं. तिने मध्ये एकदाही थांबवलं नाही.

"आईच्या पुण्यानुमोदनाला आपण बूट चावतो ते गायलो," ती म्हणाली.

"हो."

"साळुंखेंच्या वेळेलाही."

"हो."

"साळुंखेंच्या पायाला भोवरी होती." हे बोलून ती हसायला लागली. हसता हसता तिने पदर तोंडावर घेतला आणि बराच वेळ काढला नाही. ती पदराआड काय करते आहे ते मला दिसलं नाही.

मग विचारलं, "अंकलला कळलं नसेल?"

अंकलचा कान चांगला होता. पण त्यांनीही ती गाणी त्या एका प्लेअरवरच ऐकली होती.

तेवढ्यात गाणाऱ्या मुलीने जगमधून चिठ्ठी काढली आणि माइकवर वाचली, "शालिनीजी, अंबरनाथ से."

"चल, जाऊ या घरी," मी म्हणाले. मला तिची लाज वाचवायची होती. आत्ताच झालेलं गाणं पुन्हा, तेही चुकीच्या चालीने, नाचायला आलेल्या लोकांपुढे.

ताईने पदर खाली घेतला, नीट खोचला आणि उठली. "चिठ्ठी टाकलीय," ती म्हणाली.

ती स्टेजवर चढली ती पायरी लाकडी खोक्याची होती. गिटारवाल्याने हात दिला. तिने गाण्याचं नाव सांगितलं नसावं, पहिली ओळ गुणगुणली असावी, कारण तो म्हणाला आणि माइकने ते सगळ्यांना ऐकवलं, "आंटी, वो तो अभी हुआ."

"ते नाही. हे दुसरं आहे."

"स्केल?"

"काळी एक."

त्याने गिटारकडे पाहिलं. "ती जेंट्सची स्केल आहे, आंटी."

"माहितेय."

कीबोर्डवाल्याने टाळ्यांचा आवाज सुरू केला. ताईने हात वर करून तो थांबवला. मग उजव्या हाताने मांडीवर लय दिली. एक. बराच वेळ. दोन. गिटारवाला तिच्या हाताकडे पाहत राहिला, मानेने मोजत, आणि मग त्याने पहिली तार छेडली.

खडीवर नाचायला उतरलेली जोडपी हात धरून तशीच उभी राहिली. कोणाला काय करावं कळेना. पहिली ओळ संपली, आवाज खाली उतरला आणि तिथे थांबला. चाळीस वर्षं थांबत आला होता तेवढाच वेळ. मागच्या टेबलावरून एक मुलगा म्हणाला, "अरे, सॅड व्हर्जन है."

त्याबरोबर सगळ्यांना उलगडा झाला. सॅड व्हर्जन सगळ्यांना माहीत असतं. जोडपी सैल झाली. काही खुर्च्यांवर जाऊन बसली, काहींनी एकमेकांच्या खांद्यांवर हात ठेवले आणि जागच्या जागी डोलायला लागली. शेगडीवाल्याने पुठ्ठा खाली ठेवला. निखाऱ्यांवर राख चढत गेली. बूट चावणाऱ्या त्या मुलीचं गाणं ताईने शेवटच्या कडव्यापर्यंत तसंच नेलं, एकेक शब्द बाहेर ठेवत. तिला आता अर्थ माहीत होता. तरी तिने वेग बदलला नाही. दुसऱ्या कडव्यात मी पहिल्यांदाच विचार केला की चावणाऱ्या बुटात नाचणं हे काही फार जलद जमण्यासारखं काम नाही.

टाळ्या झाल्या. फार नाही, बेताच्या. मालकांनी हॅट काढली. गाणाऱ्या मुलीने माइक घेताना विचारलं, "ये किसका व्हर्जन है, आंटी?"

"कॉलनीचं," ताई म्हणाली.

खाली आली, खुर्चीवर बसली, गार झालेल्या कोंबडीचा तुकडा तोडला. "दुसऱ्या कडव्यात श्वास चुकला," म्हणाली. त्यानंतर बदलापूरला पोचेपर्यंत ती पावट्याच्या भावाबद्दल बोलत होती.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. अमोल आणि त्याची बायको आतल्या खोलीत झोपलेले. ताई स्वयंपाकघरात चहाचं आधण ठेवत होती. मी मोबाइलवर शोधत होते. बुटांचं गाणं, जुनं, अमेरिकन. फार वेळ लागला नाही. मूळ रेकॉर्डच होतं. मी मोबाइल मिठाच्या बरणीला टेकवला आणि सुरू केलं.

चार जलद ठोके, आणि आवाज.

ताईचा हात चहाच्या डब्यात होता. तिथेच राहिला.

"ही बाई आहे," ती म्हणाली.

बाईच होती. हलका, वरचा, थोडा नाकातला, तरुण मुलीचा आवाज. अंकलच्या पुलीने तिला पुरुष करून टाकलं होतं आणि आम्हाला तो माणूसच खरा वाटला. कॉलनीत शंभरएक लोक होते. एकालाही शंका आली नाही.

गाणं अडीच मिनिटांत संपलं. आधणाला उकळी आली होती. ताईने गॅस बारीक केला.

"मी सहा महिने घसा खरवडला," ती म्हणाली, "एका बाईचा आवाज काढायला."

मोबाइलवर वेग कमीजास्त करायची सोय असते. मी ती उघडली. त्यात पाऊणपट असा एक पर्याय होता. पंचेचाळीसचे पाऊणपट म्हणजे पावणेचौतीस. अंकलचा प्लेअर साधारण तेवढाच फिरत असणार. मी तो निवडला आणि गाणं पुन्हा लावलं. मला अंगणातला तो जड माणूस ऐकायचा होता.

तो आला नाही. आताची यंत्रं वेग कमी करतात, पण आवाजाची पट्टी तशीच ठेवतात. गाणं आमचं झालं. तीच संथ चाल, ओळीच्या शेवटी तेच खाली उतरणं, तेच थांबणं. पण गात होती ती बाई. हलक्या, वरच्या आवाजात, अजिबात घाई न करता.

ताईने स्टूल ओढलं आणि बसली. गाणं संपेपर्यंत तिने ओट्याच्या कडेवरून बोट फिरवलं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत.

"माझा आवाज तसा नव्हताच ना गं?" ती म्हणाली. "पुरुषी. आधीपासून?"

मी आठवून पाहिलं. ती सतरा वर्षांची होती तेव्हा मी नऊची होते. अंगण, पुठ्ठ्यावरचं साबणाचं चित्र, लसणाच्या वासाची पुली, सगळं जागेवर होतं. ताईचा त्याआधीचा आवाज कुठेच नव्हता. आई असती तर सांगू शकली असती. बाबा, अंकल, पेटीवाले गुरुजी, कोणीही. आता तो ऐकलेलं कोणी उरलेलं नाही.

"मला आठवत नाही, ताई."

तिने मान डोलावली. चहा गाळला, दोन कप भरले, एक माझ्यापुढे सरकवला. मग आमच्याकडे कोणी पाहत नाही ना, असं बघितल्यासारखं दाराकडे बघितलं आणि पहिली ओळ म्हटली, वरून, त्या बाईच्या उंचीवरून. तिसऱ्या शब्दाला आवाज फाटला. ती थांबली, घोटभर पाणी प्यायली आणि पुन्हा पहिल्यापासून धरली. यावेळी फाटला नाही. बारीक होता, थरथरत होता, एखाद्या खोलीत फार दिवसांनी कोणी दिवा लावावा तसा आधी पिवळट, मग थोडा स्थिर.

आतल्या खोलीतून अमोलचा झोपेतला आवाज आला, "आई, कोण आलंय? कोण गातंय?"

ताई गात राहिली. ओळ अजून संपायची होती.